उसना दम

४ जानेवारी

भुंग्या,

आशीर्वाद शेवटी देईन, वाचून झाल्यावर शिल्लक राहिले तर.

पाकीट मिळालं. आठ महिने एक ओळ नाही आणि आता एकदम साठ पानं. वर तुझी चिठ्ठी, "तायडे, आपल्या खेळाच्या पुस्तकातलं जादूचं प्रकरण नव्याने लिहिलंय. तू हो म्हटल्याशिवाय छापायला देणार नाही. फोन करू नकोस, आपण भांडू." म्हणून हे पत्र. तसंही फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतोस आणि मला वाटतं तुला पटलं. पत्रात निदान नुसतं 'हं' लिहिता येत नाही.

गेल्या वर्षी इथून निघताना तू दारात म्हणाला होतास की माझ्या नियमांत माणसाला शिंकायचं असलं तरी आधी फासा टाकावा लागतो. ते मी विसरलेले नाही. विनोद म्हणून ते चांगलं होतं, हेही मान्य करते.

पहिल्या पानावर दोन नावं आहेत, तुझं आणि तिचं. माझं शेवटच्या पानावर, आभारांत, सातवं. छापखान्याच्या आधी घेतलंस, एवढा मान ठेवलास. ती कोण, हे तू चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलंयस: बेकरी चालवते, पहाटे पाव भाजते, दुपारी झोपते आणि संध्याकाळी तुमच्या टेबलावर सूत्रधार होऊन बसते. म्हणजे गोष्ट ती सांगते आणि तुम्ही बाकीचे आपापली पात्रं घेऊन त्या गोष्टीत शिरता. इथे ती खुर्ची माझी होती, आणि अजून आहे. पुढे तू असंही लिहिलंयस की "तसं काही नाही, तिला नवरा आहे, दोन मुलं आहेत." खरं सांगू, ते वाचून मला वाईट वाटलं. भावजय आली असती तर मी सरकून जागा केली असती, ते सगळ्यांनाच करावं लागतं. पण नियम लिहायला दुसरी बहीण आणलीस. त्याला काय करायचं असतं, ते कुठल्या घरात शिकवत नाहीत.

नव्या प्रकरणात बारा दमांचा नियम कुठेच नाही. म्हणून तो इथे एकदा लिहून ठेवते. तू अकरा वर्षांचा होतास, मी पंधराची. तुझा मांत्रिक हवेत उडायचा, भिंती वितळवायचा, मेलेल्यांना उठवायचा, आणि माझा योद्धा त्याच्या मागून सामान घेऊन चालायचा. तेव्हा मी म्हटलं, मांत्रिकाला रोज सकाळी बारा दम मिळतील. लहान मंत्राला एक, मोठ्याला चार. संपले की तो हातात काठी घेतलेला साधा माणूस. त्या दिवशी तू रडलास, आणि खेळ पहिल्यांदा खेळण्यासारखा झाला.

तिचा नियम मी मला समजला तसा लिहिते, चुकलं तर सांग. तिने त्याला 'उसना दम' म्हटलंय. मांत्रिक आपला दम खर्चण्याऐवजी सोबत्याकडे मागू शकतो. सोबती खुशीने देईल तेवढाच. ज्याने दिला तो त्या मंत्रातली एक गोष्ट स्वतः ठरवतो: आग कुठून निघेल, पूल कशाचा होईल, काहीही. मंत्र साधला तर त्याचा दम त्याला परत मिळतो, फसला तर गेला.

मी निःपक्षपणे तपासेन. तू मला का विचारतो आहेस तेही मला माहीत आहे. तुझी पहिली पुस्तिका तू मला न दाखवता छापलीस. खेळणाऱ्यांच्या वार्षिक मेळाव्यात एका गृहस्थांनी चहा निवायच्या आत तिच्यातलं भोक शोधून मोठ्याने वाचून दाखवलं, अख्खा हॉल हसला, आणि तू वर्षभर फाशाला हात लावला नाहीस. मार्चमध्ये तोच मेळावा आहे. पुन्हा तसं झालं तर तू हा खेळ कायमचा माळ्यावर टाकशील. म्हणजे तू मला मायेने विचारत नाहीस, भीतीने विचारतोस. मला दोन्ही चालतं.

तायडी


१८ जानेवारी

भुंग्या,

आधी हिशेब, बाकीचं मग.

पाच जणांच्या चमूत मांत्रिकाचे बारा आणि बाकी चौघांचे प्रत्येकी चार, असे अठ्ठावीस दम त्याच्या हाताशी येतात. शिवाय साधलेल्या मंत्रामागे दम परतही यायचा. कागदावर हा मांत्रिक दुपारपर्यंत देव होतो. त्याला तिने लगाम घातलाय की एकदा दम दिलेल्याने मध्ये स्वतःचं एखादं काम केल्याशिवाय पुन्हा द्यायचा नाही. योद्ध्याने आधी तलवार चालवायची, वैद्याने जखम बांधायची, चोराने कुलूप फोडायचं, आणि प्रत्येक वेळी आपला जीव धोक्यात घालायचा. लगाम चांगला आहे. तो कुठे तुटतो ते मी शोधत होते. योद्ध्यापाशी तुटत नाही, वैद्यापाशी तुटत नाही, चोरापाशीही नाही.

आता बाकीचं. चष्म्याच्या दुकानात नजर तपासताना मी गिऱ्हाइकाला दोन काचा लावून विचारते, "पहिली बरी की दुसरी?" पुष्कळ लोक मला बरं वाटावं म्हणून उत्तर देतात. मग मी तीच काच काढून पुन्हा तीच लावते आणि विचारते, "आणि आता?" जो म्हणतो "वा, आता फारच छान," त्याचं आधीचं सगळं मी खोडते. तुझं प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते सैल, गोडगोड आणि पाल्हाळाचं वाटलं. मग मी पहिल्या पानावरच्या तिच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली आणि हे सगळं एकट्या भुंग्याने लिहिलंय असं समजून पुन्हा वाचलं. फारच छान वाटलं. तेव्हा माझं आधीचं सगळं खोड.

काल इथल्या टेबलावर खेळून पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या बाई मांत्रिक झाल्या, तुझे भावोजी नेहमीसारखे वैद्य आणि प्लंबर योद्धा. आपली पद्धत तुला ठाऊक आहे, नवा नियम पारखायचा तेव्हा तो लिहिणाऱ्याने गप्प बसायचं. लिहिणारं कुणी नव्हतं, म्हणून गप्प बसायचं काम मीच केलं, गोष्ट सांगण्यापुरतं तोंड उघडून.

प्लंबर सहा वर्षं आपल्याकडे खेळतो. या सहा वर्षांत त्याच्या योद्ध्याच्या तोंडून दोनच वाक्यं निघाली आहेत, "मारतो" आणि "परत मारतो". काल दरीवरच्या पुलाशी बाईंचा दम संपला. मागून शत्रू.

बाई म्हणाल्या, "दे रे दोन." त्या मुख्याध्यापिका होत्या, मागणं त्यांना जमतं.

"देतो," तो म्हणाला. "पण आग कशी ते मी सांगणार."

"सांग की."

"वरून नको. खालून काढा, दगडांच्या फटींतून. आणि बाई, दाब कमी ठेवा. एकदम सोडलीत तर पुलाचे सांधे सुटतील, आपणच खाली जाऊ. डावीकडून हळूहळू उघडत या. हां. आता थांबा. त्यांना मधे येऊ द्या."

भावोजी जागे झाले. बाईंनी वीस बाजूंचा फासा टाकला, सतरा पडला, मंत्र साधला, आणि मी पाहिलं की तिघंही उभे आहेत. खेळात उभं राहायचं असतं, असा आपल्याकडे नियम नाही. तशी वेळच कधी आली नव्हती.

जाताना प्लंबरने विचारलं, "पुढच्या रविवारी हाच नियम ना?" मी बघू म्हटलं. टेबल पुसता पुसता तुझे भावोजी म्हणाले, "हे तुलाच सुचायला हवं होतं, नाही का?" त्यांना कौतुक करायचं होतं, कुणाचं ते मात्र कळलं नाही. मी म्हटलं, "मला खेळ करायचा होता, नळ दुरुस्तीचं दुकान नव्हतं काढायचं." प्लंबर तेव्हा जिन्यातच होता. त्याने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. आज सकाळपासून मनात तेवढंच आहे, हिशेब नाही.

एका टेबलावरून नियम पारखता येत नाही, नमुना लहान आहे. मी आणखी तपासते. तिला यातलं काही सांगू नकोस. किंवा प्लंबरचं सांग. ते सांगण्यासारखं आहे.

तायडी


२५ जानेवारी

भुंग्या,

प्रकरण पुन्हा नीट पाहिलं. माझी हरकत नाही. छाप.

या वेळी कारणं देत बसत नाही. तूच म्हणायचास की माझ्या एका 'हो'ला चार पानी पुरवणी असते. या 'हो'ला नाही.

दोन मांत्रिक एकाच चमूत असले तर काय होतं, ते तिने पाहिलंच असेल.

तिचं अभिनंदन कर. फ्रेमचा नवा माल आलाय, सगळा दुकानभर पसरलाय, म्हणून थोडक्यात लिहिते.

तायडी


६ फेब्रुवारी

भुंग्या,

मुखपृष्ठाचं चित्र पाहिलं. पूल छान आहे. दोन नावं एकाच मापाच्या अक्षरांत आहेत, ती पट्टी ठेवून मोजायची काही गरज नव्हती, पण मोजली. आभारांत मला सातव्यावरून पहिली केलंस. बढती मिळाली. पेढे वाटते.

तू विचारतोस, मी आजारी आहे का. मी हरकत घेतली नाही हे दुखणं तुला लगेच ओळखता आलं, तुझ्या भावोजींनाही आलं. त्यांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "इतक्या लवकर हो?" मी म्हटलं, चांगल्याला चांगलं म्हणायला वेळ कशाला लागतो. ते म्हणाले, "तुला लागतो." आणि पेपर पुन्हा वर.

प्लंबर दोन्ही रविवारी आला. दोन्ही वेळा मी त्याला आधी चहा विचारला. त्याने जिन्यात काही ऐकलं असेल तर चेहऱ्यावर दिसत नाही. नळांवर काम करणाऱ्या माणसाचा चेहरा तसाच असतो, की मी असं म्हणणं हाही आगाऊपणाच?

मागच्या पत्रातलं दोन मांत्रिकांचं वाक्य तू तिला दाखवलंस का? सहज विचारते. तू एवढंच लिहिलंयस: "ती म्हणते पाहिलंय." पाहिलंय म्हणाली ना. मग झालं.

मंगळवारी दुकानात एक बसचालक आला. त्याला नजर चांगली असल्याचा कागद हवा होता. डावा डोळा झाकला आणि तक्त्याची सगळ्यात खालची ओळ धडाधड म्हणून दाखवली. मी तक्ता उलटा केला. तो पुन्हा तीच ओळ म्हणाला.

"काका, वाचा. पाठ म्हणू नका."

"तुमचं काय जातं, मॅडम? एक सही तर करायची."

"गाडी तुम्ही चालवणार. रस्त्यात माणसं असतात."

"पंधरा वर्षं चालवतोय. आजवर कुणाला खरचटलं नाही."

सही केली नाही. चष्म्याचा नंबर काढून दिला आणि महिन्याने या म्हटलं. तो चिडून गेला. दुकानाचे मालक म्हणाले, बाई, तुमच्यासारखी माणसं हल्ली राहिली नाहीत. मी मान हलवली. दिवसभर मी फार प्रामाणिक होते, भुंग्या. दुकानात.

छपाई कधी सुरू होणार ते कळव. घाई नाही.

तायडी


१६ फेब्रुवारी

भुंग्या,

छापखान्याचं काम माझ्यामुळे थांबलेलं नाही. म्हणजे माझ्याचमुळे थांबलंय, पण फोन तिने केला. चुकीचं पान गेलंय असं तिने त्यांना सांगितलं, आणि ते खोटंही नाही. काल संध्याकाळपासून तुझे फोन मी उचलले नाहीत. ती उचलत असेल तर मला माहीत नाही. तू दोघींवर भडकला असशील. आधी हे सगळं वाच, मग कुणावर किती भडकायचं ते ठरव.

काल दुपारी मी डबा खात होते तेव्हा दुकानातला फोन वाजला.

"ताई, बेकरीतून बोलतेय."

"कुठल्या?" मी म्हटलं. कुठल्या ते मला कळलं होतं.

"तुमच्या भावाच्या टेबलावरच्या." आवाज जाडाभरडा आहे तिचा. मी बारीक, गोड आवाज धरून चालले होते. "उद्या पानं छापायला चढणार. त्याआधी एक विचारायचं होतं. ते दोन मांत्रिकांचं वाक्य तुम्ही का लिहिलंत?"

"सहज."

"तुम्ही सहज काही लिहीत नाही. तुमचा भाऊ सांगतो, तायडी वाढदिवसाच्या चिठ्ठीतसुद्धा पोटकलम घालते."

मी पोळीचा तुकडा मोडला.

"तुम्हाला दिसलंय ना, ताई?"

"काय दिसलंय?"

"आता नका हो असं करू. पीठ फुगून वर आलंय, मला वेळ नाही."

भुंग्या, काय दिसलंय ते तुला आता सांगते. चमूत दोन मांत्रिक घे. पहिल्याने दुसऱ्याकडून दम घेऊन मंत्र टाकायचा. साधला, दम परत. मग दुसऱ्याने पहिल्याकडून घेऊन टाकायचा. साधला, परत. मध्ये स्वतःचं काम केल्याशिवाय पुन्हा द्यायचा नाही, हा लगाम योद्ध्याला आवळतो, कारण त्याला तलवार घेऊन पुढे जावं लागतं. मांत्रिकाचं काम म्हणजे मंत्र टाकणं, आणि तो ते दुसऱ्याच्या दमावर करतोच आहे. म्हणजे लगाम हाच रस्ता झाला. अधूनमधून एखादा मंत्र फसेल, तेवढाच खर्च. दोघं मिळून अख्खं राज्य जाळून येतील आणि बाकीचे टेबलाशी बसून शेंगदाणे सोलतील. तुझ्या त्या मेळाव्यातल्या गृहस्थांना हे सापडायला चहा निवेपर्यंतही थांबावं लागलं नसतं.

हे मला २३ जानेवारीला, चष्म्याच्या काचा पुसताना दिसलं. दुकानातच चार फासे टाकून खात्री करून घेतली. पंचवीसला तुला लिहिलं, हरकत नाही, छाप. ते एक वाक्य मधे घातलं ते पुढे कधी कुणी विचारलं तर "मी लिहिलं होतं की" असं म्हणता यावं म्हणून. तसं पाहिलं तर मी खोटं बोलले नाही. इतकी काळजी मी खरं बोलतानाही घेत नाही.

"दिसलंय," मी तिला म्हटलं.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही का नाही सांगितलंत? पाहिलंय म्हणालात ना त्याला?"

"पाहिलंच होतं. पाकीट टपालात टाकलं आणि दोन दिवसांनी पाव भाजताना दिसलं. तशीच सांगायला निघाले होते. तर हा म्हणतो, 'राहू दे गं, तायडीकडे गेलंय. काही असलं तर ती पकडेल. तिच्या नजरेतून सुटत नाही.' हे मी वर्षभर ऐकतेय, ताई. नियम लिहिला की तायडी. फासा घरंगळून खाली पडला की तायडी. माझा पाव करपला तर म्हणतो, तायडीला वासावरूनच कळलं असतं. तुमचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही मी, पण कंटाळा आलाय तुमचा."

डबा तसाच उघडा राहिला. मी खुर्ची ओढून नीट बसले. मला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटणं चांगलं नाही हे कळत होतं, तरी वाटत होतं. मी म्हटलं, "असं म्हणतो तो?"

"रोज. म्हटलं, बघू या तरी खरंच पकडते का."

"आणि नसतं पकडलं तर?"

"तर आज दुपारी मीच दुरुस्त केलं असतं. आणि त्याला सांगितलं असतं, बघ, सुटलं तुझ्या तायडीच्या नजरेतून. मग म्हटलं असतं, आता माझ्या टेबलावर एक दिवस तिचं नाव घेऊ नकोस." पलीकडे भट्टीचं दार वाजलं. "पण तुम्ही ते वाक्य लिहिलंत. ते वाचलं आणि कळलं की सुटलेलं नाही. मी तीन आठवडे वाट बघत होते, आज लिहाल, उद्या लिहाल. तुम्ही कशाची वाट बघत होतात?"

इथे मी तिला उत्तर दिलं नाही. तुला देते. तिने स्वतःला शेवटचा दिवस ठेवला होता, मी नव्हता ठेवला. मी मेळाव्याची वाट बघत होते. हॉल कसा हसेल ते मी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणत होते, आणि या वेळी तो तिच्यावर हसत होता. उसना दम कुणी लिहिला, असं विचारतील आणि हिची मान खाली जाईल. मग तू रात्रीच्या गाडीने इथे येशील आणि आपण तुझी चूक सुधारायला टेबलाशी बसू, पूर्वीसारखे. हे सगळं मी बारकाईने रंगवलं होतं, हॉलमधल्या खुर्च्यांसकट. फक्त ते हसत असताना तू कुठे उभा असशील, ते त्या चित्रात नव्हतंच. ते घातलं असतं तर चित्र मोडलं असतं, म्हणून घातलं नाही. तुझं पहिलं हसं झालं तेव्हा शेजारी मी होते. तू उरलेल्या पुस्तिका कशा पिशवीत कोंबल्यास हे मला जगात कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे, आणि तरीही.

याला कारण देता येत नाही. मत्सर म्हणतात तो हाच, पण नाव दिल्याने काही हलकं होत नाही. मला वाटायचं मत्सर म्हणजे दुसऱ्याचं वाईट व्हावं असं वाटणं. तेवढंच असतं तर मी तो ओळखला असता. मला तुझं भलं व्हायला हवं होतं, फक्त ते माझ्या टेबलावर.

मग आम्ही दुरुस्तीला बसलो. ती पीठ मळत होती, फोन कुठेतरी टेकवून ठेवला असावा, मधेमधे धप्प असा आवाज यायचा. मी म्हटलं, "एका चमूत एकच मांत्रिक. संपला प्रश्न."

"हे सोडवणं नाही, ताई. हे दार लावून घेणं झालं."

"बरं. मांत्रिकाने मांत्रिकाला दम द्यायचा नाही."

"का पण? दोघं संकटात असले, एकाचा संपलाय, दुसऱ्याकडे आहे, तर त्याने नुसतं बघत बसायचं?"

"मग तुमचं काय म्हणणं?"

धप्प. धप्प. मग ती म्हणाली, "द्यावा. पण मांत्रिकाने मांत्रिकाला दिलेला परत येणार नाही. साधला तरी नाही. द्यायचा तर गेला असं धरूनच द्यायचा."

मी डबा बाजूला सारून तपासायला बसले. तीन गिऱ्हाइकं बाकावर बसून राहिली. दोघांचे मिळून चोवीस दम, ते संपले की दोघंही काठीवाले. चक्र फिरत नाही. पुलावरचा बाईंचा आणि प्लंबरचा प्रसंग जसाच्या तसा राहतो. तीन मांत्रिक घेऊन पाहिलं, चार घेऊन पाहिलं. दमाऐवजी कुणी स्वतःचं रक्त दिलं तर काय, तेही पाहिलं, ते तुमच्या नियमांत नसतानाही. टिकतं. माझे दोन्ही उपाय बिनचूक होते, आणि तिचा बरा आहे. हे वाक्य मी चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा राहू दिलंय. तिचं छाप.

दुरुस्त केलेलं कलम या पाकिटात आहे. शब्द तिचे, स्वल्पविराम माझे. प्रकरणाला माझा हो. या 'हो'ला पुरवणी आहे, आणि ती हे पत्र आहे.

मुखपृष्ठावरची दोन नावं तशीच ठेव. आभारांत मला पहिली ठेवू नकोस, शेवटी टाक, छापखान्याच्याही नंतर. हा मनाचा मोठेपणा समजू नकोस. शेवटचं नाव लोकांच्या जास्त लक्षात राहतं.

आता राहिलं ते तुला कुणी सांगायचं हे. आम्ही म्हटलं फासा टाकू, कमी पडेल तिने सांगायचं. तिने तिथे टाकला, मी इथे. ती म्हणाली, तिला अठरा पडलाय. मी म्हटलं, मला एकोणीस. मग तिथेच अडलो, कारण दोघींनाही दुसरीचा फासा दिसत नव्हता. मला खरंच एकोणीस पडला होता. तिलाही अठरा पडला असेल. शेवटी ठरलं की दोघींनीही लिहायचं.

ती तुझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. वाटलं तर तासाभरात तिची चिठ्ठी तुझ्या हातात येईल, आणि माझं हे टपालाने रखडत येणार. तसं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "ताई, तुमचं पोचेपर्यंत मी थांबते. तुम्ही मोठ्या आहात." माझं पत्र मिळालं असं तू तिला सांगितल्यावरच ती आपलं देईल. तिचा शब्द आहे, आणि मी त्यावर विश्वास ठेवलाय.

तू मात्र मला कळव, ती थांबली का.

तायडी